तिथी, ओहोटी आणि चिखल्या

पाऊस ओसरू लागतो, घरोघरी गणपतीची तयारी सुरू होते आणि त्याच सुमारास आपल्या कोकण किनाऱ्यावर काही पाहुणे गुपचूप येऊन उतरतात. ना वाजत, ना गाजत. फ्लेमिंगोंचे गुलाबी थवे पाहायला आपण सहकुटुंब जातो; पण काळ्या खडकांवर खडकाच्याच रंगात मिसळून गेलेल्या या मूठभर पाखरांकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. अलिबागला कुलाबा किल्ल्याभोवती ओहोटीच्या वेळी जो खडकाळ पट्टा उघडा पडतो, तिथे मी गेली अनेक वर्षे हिवाळ्यात कॅमेरा घेऊन जातो. किल्ल्याकडे निघालेल्या घोडागाड्या पाखरांच्या जवळून जातात, पण आतले प्रवासी समोरच्या तटाकडे पाहत असतात.

या पाहुण्यांची ओळख करून घ्यायला हवी. चार पावले धावून थबकणारा, मोठ्या डोळ्यांचा तो चिखल्या. उन्हाळ्यात याचे घर लडाख-तिबेटच्या उंच पठारावर असते. सतत शेपटी खालीवर करणारा तुतवार खडकाच्या कडेने एकटाच फिरतो. चोचीने दगड आणि शेवाळ उलथून खालचे किडे-खेकडे टिपणारा टर्नस्टोन तर पार उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशातून येतो. बाकदार लांब चोचीचा कर्ल्यू भेगेतला खेकडा ओढून काढतो. प्रत्येकाची चोच वेगळी, म्हणून ताटही वेगळे. एकाच खडकावर सगळे जेवतात आणि भांडण सहसा होत नाही.

यांना गाठायचे तर मनगटावरचे घड्याळ उपयोगाचे नाही, पंचांग हवे. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती. द्वितीयेला दीडच्या सुमारास भरती, म्हणजे त्याआधी सहा तास, सकाळी साडेसाताला ओहोटी. हिशेब ढोबळ आहे, पण सहसा फार चुकत नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असते, त्यामुळे पाणीही दूरवर हटते. शिवाय आपला किनारा पश्चिमेचा; सकाळी समुद्राकडे तोंड करून बसले की सूर्य पाठीशी आणि प्रकाश थेट पाखरांवर. फोटोवाल्याला आणखी काय हवे?

खरे तर आणखी एक गोष्ट हवी, आणि ती दुकानात मिळत नाही. थांबण्याची तयारी. ओहोटीचे थोडे तास हीच या पाखरांची जेवणाची वेळ. पाणी चढले की ताट उचलले गेले! मग एका पायावर उभे राहून, चोच पिसांत खुपसून विश्रांती घ्यायची. याच जेवणातून परतीच्या प्रवासाची चरबी साठवायची असते. ती काय करू शकते ते ऐका. २०२२ साली यांच्याच गोतावळ्यातले, जेमतेम पाच महिन्यांचे एक गॉडविट अलास्काहून निघाले आणि कुठेही न उतरता ११ दिवसांत १३,५६० किलोमीटर उडून टास्मानियाला पोचले. वाटेत ना दाणा, ना पाणी. अंगावरची शिदोरी हाच सगळा आधार.

आता विचार करा. आपण फोटोसाठी आणखी चार पावले पुढे जातो, थवा उडतो. उडताना साठवलेले खर्च होते, आणि टिपायचा घास राहून जातो. दिवसातून दहा जणांनी असे केले, कोणी कुत्रा सोडला, कोणी वाळूवरून गाडी पळवली, तर त्या पाखराची शिदोरी भरायची कशी? एप्रिलमध्ये अर्धपोटी निघालेले पाखरू कुठवर पोचेल?

याच खडकांवर कालवे काढणाऱ्या एक मावशी मला नेहमी दिसतात. त्या वाकून कोयत्याने टकटक करीत असतात आणि टर्नस्टोन त्यांच्यापासून पाच-सहा हातांवर निवांत चरत असतात. मी लेन्स रोखून सरळ चालत गेलो तर तेच टर्नस्टोन कितीतरी आधी उडतात. एकदा मावशी हसून म्हणाल्या, "दादा, तुम्ही त्यांच्याकडं बघत येता. मी माझं काम करते." यानंतर मी भरती लागायच्या आधीच एखाद्या खडकाला टेकून बसू लागलो. पाणी चढते तशी पाखरे आपणहून किनाऱ्याकडे सरकतात. इथून जवळच, किहीमला, १९३० साली सलीम अली सुगरण पक्ष्यांचा अभ्यास करीत होते. तोही मुख्यतः बसून पाहण्याचाच उद्योग होता.

मुलांना घेऊन जरूर जा. पायात पकड असलेले बूट घाला. शेवाळ निसरडे आणि कालवांच्या कडा धारदार असतात. भरती लागली की वेळेवर मागे फिरा. साधी दुर्बीण पुरे. पाखराने खाणे थांबवून मान वर केली, तर समजा की आपण फार जवळ आलो. दोन पावले मागे या. ते पुन्हा चरू लागले की मगच कॅमेरा उचला.

मुंबईत वरळी-हाजीअलीच्या किनाऱ्याचा काही भाग सागरी रस्त्याच्या भरावाखाली गेला. २०२४ साली त्यावरून वाहने धावू लागली. असे निर्णय तुमच्या-माझ्या हातात नसतात. दोन पावले मागे येणे मात्र आपल्या हातात आहे. मार्च-एप्रिलमध्ये चिखल्याच्या करड्या छातीवर विटकरी रंग चढू लागतो आणि एके दिवशी खडक रिकामे दिसतात. तोवर त्यांना पोटभर जेवू द्यावे. पाहुणचाराची आपली रीत तरी दुसरे काय सांगते?