दुसरी गोळी लिहून दिली, म्हणजे जास्त बिघडलंय का?

मागच्या एपिसोडनंतर एकच प्रश्न सारखा आला: "डिप्रेशनची एक गोळी चालू असताना डॉक्टरांनी दुसरीही दिली. माझं जास्तच बिघडलंय का?"

मलाही हेच वाटलं होतं. दोन महिने एस्सिटॅलोप्राम घेऊनही सकाळी उठवत नव्हतं, तेव्हा रात्रीसाठी मिर्टाझापिन आली. चिठ्ठी बघून मी रिक्षातच रडलो.

तर ऐका. अमेरिकेतल्या स्टार-डी या मोठ्या अभ्यासात पहिल्या औषधाने साधारण तिघांपैकी एकालाच पूर्ण आराम पडला. म्हणजे दुसरी पायरी बहुतेकांना चढावीच लागते. आता जोडी का? पहिली गोळी सेरोटोनिन पेशीत परत खेचलं जाऊ देत नाही. मिर्टाझापिन ते बाहेर सोडण्यावरचा ब्रेक सैल करते.

पण जादू नाही हां! ब्रिटनमध्ये ४८० जणांवर अशीच जोडी तपासली. २०१८ चा निकाल: १२ आठवड्यांनी फरक किरकोळ, साइड इफेक्ट मात्र जास्त. मला झोप लागायला लागली, वजनही वाढलं. खोटं कशाला सांगू?

स्वतःहून मात्र जोडी जमवू नका. मित्राच्या उरलेल्या गोळ्या, दुखण्यावरची ट्रॅमाडॉल, डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेलं खोकल्याचं औषध, यांनी सेरोटोनिन फार वाढू शकतं. ताप, थरथर, धडधड, गोंधळल्यासारखं झालं तर तडक हॉस्पिटल गाठा. गोळी बंद करायची तरी डॉक्टरांना विचारून, हळूहळू.

पुढच्या व्हिजिटला घरातल्या सगळ्या स्ट्रिप्सचे फोटो फोनमध्ये घेऊन जा. काढ्याच्या बाटलीचासुद्धा.