अनाहूत सूचना आणि उर्मट उत्तर

न विचारतां सांगितलेलें कोणासही गोड लागत नाहीं, हा अनुभव नवा नव्हे. तथापि दुकानाच्या गल्ल्यावर अथवा कचेरीच्या खिडकीआड बसलेला मनुष्य असें सांगणाऱ्यास टाकून बोलतो, तेव्हां नुकसान केवळ सांगणाऱ्याच्या मानाचें होत नाहीं. तें आणखी कोणाचें होतें, हें आज शेतकरी बंधूंपुढें मांडावयाचें आहे.

प्रथम तक्रार व सूचना यांतील भेद ध्यानांत घ्यावा. तक्रार करणारा आपलें कांहीं तरी मागत असतो. त्याचे मागें बिल, अर्ज किंवा कायदा असतो. सूचना करणारा कांहींच मागत नाहीं. त्याचें काम उरकलेलें असतें; जातां जातां दिसलेली खोट तो दाखवितो, इतकेंच. म्हणूनच त्यास झिडकारणें सोपें असतें.

गेल्या आषाढांत आम्ही रत्नागिरीस खताच्या एका दुकानीं गेलों होतों. युरियाच्या गोण्या उघड्या फरशीवर, भिंतीस टेकवून रचल्या होत्या. कोंकणांतील पाऊस; फरशीस व भिंतीस ओल आलेली. युरिया हवेंतील ओल ओढून घेतो व त्याचीं ढेकळें बनतात, हें वाचकांस सांगणें नको. आम्हीं सहज म्हटलें, "खालीं फळ्या टाकल्यात आणि भिंतीपासून हातभर अंतर सोडलेंत तर माल टिकेल." दुकानदार म्हणाले, "काका, दुकान माझें आहे. घ्यायचें असेल तर घ्या, नाहीं तर पुढें व्हा." आम्ही पुढें झालों. महिन्याभरानें आमच्या एका शेजाऱ्यांनीं तेथूनच आणलेली गोणी उघडली, तों आंत दगड! तीं ढेकळें त्यांना मोगरीनें फोडावीं लागलीं. उर्मट उत्तर मिळालें आम्हांस, पैसे गेले शेजाऱ्यांचे.

परंतु दुसऱ्यास नांवें ठेवण्यापूर्वीं आपल्या पायाखालीं काय जळतें तें पाहावें. आम्हीं महसूल खात्यांत लेखणी चालविली आहे. सुमारें पंचवीस वर्षांपूर्वीं आम्ही एका तालुक्याच्या कचेरींत असतांना एक वृद्ध शेतकरी उताऱ्यासाठीं आले. उतारा हातीं पडल्यावर ते म्हणाले, "भाऊसाहेब, आमच्या शेजारच्या बाईंचा नवरा वारला. वारसाच्या अर्जांत तिचें नांव होतें. फेरफारांत मुलांचींच नांवें आलीं आहेत. एवढें बघा." मान वर न करतां आम्हीं विचारलें, "जमीन तुमची आहे काय?" "नाहीं." "मग तुम्हांस काय करायचें आहे?" ते क्षणभर उभे राहिले. "लिहिणाऱ्यास चूक दिसत नाहीं, भाऊसाहेब, वाचणाऱ्यास दिसते," एवढें बोलून त्यांनीं छत्री उचलली.

कांहीं वर्षांनीं ती बाई स्वतः आमच्या टेबलापुढें येऊन उभी राहिली. मुलांनीं जमीन विकली होती. उताऱ्यावर नांवच नसल्यामुळें तिला कोणीं विचारलें नव्हतें. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ अन्वयें लेखनांतील चूक दुरुस्त करतां येते. ती ओळ वेळींच दुरुस्त झाली असती, तर तिजवर दिवाणी कोर्टाची पायरी चढण्याची पाळी आली नसती. त्या दिवशीं तिला पाणी विचारण्यापलीकडे आमच्या हातीं कांहीं उरलें नव्हतें. पुढें सातबारा संगणकावर चढविल्यानंतर सरकारनें गांवोगांव चावडी-वाचन करविलें, तें याचसाठीं कीं लिहिणाऱ्याच्या चुका ऐकणाऱ्यांनीं दाखवाव्यात. जें त्या वृद्धांनीं दोन वाक्यांत सांगितलें होतें, तेंच सरकारास मोहीम काढून करावें लागलें.

मनुष्य असा तुटून कां पडतो? आमच्या अनुभवानें कारणें तीन. चूक कबूल केली तर चौकशी मागें लागेल, ही पहिली धास्ती. दुसरें, समोर बसलेल्याच्या हातीं पुष्कळदां दुरुस्तीचा अधिकारच नसतो. ती अगतिकता तो आवाज चढवून झांकतो. तिसरें, सांगणाऱ्याचा वेश. १८८८ सालीं पुण्यास ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ मेजवानी झाली, तीस महात्मा जोतीराव फुले मुद्दाम शेतकऱ्याच्या वेशांत गेले व येथें नटूनथटून आलेली मंडळी म्हणजे देशाची खरी प्रजा नव्हे, असें त्यांनीं पाहुण्यांस बजाविलें. त्याच माणसानें १८८३ सालीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला होता. खांद्यावर घोंगडें असलें म्हणजे शब्दाचें वजन कमी होतें, हा समज अद्याप पुरता गेलेला नाहीं.

सांगणाऱ्याचेही दोष असतात. गर्दीच्या वेळीं चार लोकांदेखत चूक काढणें, साहेबांची ओळख सांगणें, एका सूचनेबरोबर दहा जुनीं गाऱ्हाणीं काढणें, यांनीं चांगली सूचनाही वायां जाते. सबब आमची विनंती अशी कीं, सूचना शक्य तों लेखी द्यावी. एका कागदावर एकच बाब, दिनांक, ठिकाण, खत अथवा औषध असल्यास गोणीवरील किंवा बाटलीवरील बॅच क्रमांक लिहावा, आणि दुसऱ्या प्रतीवर पोंच घ्यावी. तोंडीं सूचनेस उर्मट उत्तर देणें जितकें सोपें, तितकें पोंच दिलेल्या कागदास देणें सोपें नाहीं.

कायद्याचाही कांहीं आधार आहे. खत नियंत्रण आदेश, १९८५ प्रमाणें विक्रेत्यानें साठा व दर यांचा फलक लावावा व बिल द्यावें असें बंधन आहे. ग्राहक संरक्षणाचा १९८६ चा कायदा जाऊन २०१९ चा आला. कचेऱ्यांसाठीं महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ असून, अधिसूचित सेवा मुदतींत न देणाऱ्या अधिकाऱ्यास ५०० ते ५००० रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. मात्र हे सर्व कायदे मागणाऱ्यासाठीं आहेत. कांहीं न मागतां सांगणाऱ्याचें ऐकून घेण्यास लागतो तो फक्त शहाणपणा.

आतां शेवटची गोष्ट, आणि ती आपणां बागाईतदारांची. मुंबईचें गिऱ्हाईक जेव्हां कळवितें कीं पेटींतील तळच्या थरांत फळ लहान होतें, अथवा कापल्यावर आंत साका निघाला, तेव्हां आपण काय उत्तर देतों? "आंबा काय आम्हीं आंतून पाहिला होता?" हेंच ना? साका हा दोष आहे असें मानून दापोलीच्या कृषि विद्यापीठानें नीलम व हापूस यांच्या संकरांतून 'रत्ना' ही साका नसलेली जात १९८१ सालीं दिली. कलमांच्या बुडाशीं पालापाचोळ्याचें आच्छादन करावें, हा सल्लाही साक्यासाठींच आहे. आपणही गिऱ्हाइकाचें पत्र फेंकून न देतां कोणत्या बागेंतील, कोणत्या दिवशीं काढलेलें फळ तें होतें, हें वहींत टिपलें, तर पुढल्या हंगामास उपयोग होईल. २०१८ सालीं आपल्या हापूसास भौगोलिक मानांकन मिळालें. नांव राखण्याचें काम आपलें आहे.

आपल्या संघाच्या विक्री-केंद्रावर एक सूचना-वही दोरीनें बांधून ठेवावी व मासिक सभेंत ती मोठ्यानें वाचावी, असें आम्ही सुचवितों. हीही सूचना अनाहूतच आहे. उत्तर कसें द्यावयाचें, तें सभासदांनीं ठरवावें.