बंबाचा धूर दिसायचा, गिझरचा दिसत नाही



हवेचा पाठ शिकवताना आपण फळ्यावर लिहितो, "ज्वलनासाठी ऑक्सिजन लागतो." मुलं वहीत उतरवतात आणि पाठ संपतो. पण कोल्हापुरात थंडी पडली, सकाळच्या शाळेची गडबड सुरू झाली, की हेच वाक्य बाथरूममध्ये जिवाशी येऊ शकतं. गॅस गिझर लावून, दार-खिडकी घट्ट बंद करून आंघोळीला गेलेलं माणूस बेशुद्ध सापडलं, अशी बातमी हिवाळ्यात कुठून ना कुठून येतेच. म्हणून आजचा पाठ मुलांइतकाच आपल्यासाठीही आहे.

आधी आपला तांब्याचा बंब बघू. (मुलांना बंब म्हटलं की आगीचा बंबच आठवतो. एक पेटवून चालतो, दुसरा विझवायला धावतो, एवढं सांगितलं की वर्ग हसतो आणि फरक लक्षात राहतो.) बंबाच्या मधोमध उभी नळी असते, खाली जाळी आणि राखेची जागा. नळीत शेणी, करवंट्या, चिपाडं, जे असेल ते जळतं. नळीभोवती पाणी असतं, त्यामुळे जाळाची उष्णता चहूबाजूंनी पाण्याला मिळते. जाळीखालून गार हवा आत शिरते, तापून हलकी होते आणि धूर घेऊन वरून निघून जाते. रशियातला समोवार आणि काश्मिरातला चहाचा समावार याच युक्तीवर चालतात. बंबाचे नियम दोनच होते. पाणी भरल्याशिवाय पेटवायचा नाही, नाहीतर सांध्याची झाळ सुटते. आणि राख रोज काढायची, नाहीतर जाळीखालून हवा मिळत नाही आणि बंब नुसता धुमसतो.

पण तिसरा नियम कुणी सांगितलाच नव्हता, तो आपोआप पाळला जायचा. बंब असायचा परड्यात, पडवीत किंवा न्हाणीच्या बाहेर. धुरानं डोळे चुरचुरायचे, म्हणून त्याला कुणी घरात घेतच नव्हतं.

गॅस गिझरनं हीच अडचण दूर केली, आणि धोका तिथेच आला. गॅस पूर्ण जळला तर कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होते. हवा कमी पडली की ज्वलन अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास दिलेला असतो, तो गळतीसाठी. या वायूला तसा पहारेकरी नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. आधी डोकं जड होतं, मळमळतं, मग पायातलं बळ जातं. आपल्याला काहीतरी होतंय हे कळतं, पण कडी काढायला हात उठत नाही. गिझरचा जाळ स्वयंपाकाच्या शेगडीपेक्षा कितीतरी मोठा असतो आणि बाथरूम असतं चार-पाच फुटांचं. त्यात घरातले चार जण एकामागून एक आंघोळीला गेले, तर शेवटच्याच्या वाट्याला सगळ्यात खराब हवा येते.

बंद जागा आणि आत जाळ, हा प्रश्न आपल्या बाथरूमपुरता नाही. थंड देशांत लोक बोटीवर राहतात. बोटीची केबिन म्हणजे आपल्या बाथरूमसारखीच लहान आणि थंडीमुळे घट्ट बंद. तिथल्या डिझेल हीटरची रचना बघण्यासारखी आहे. जळण्याची पेटी पूर्ण बंद असते. एका नळीनं बाहेरची हवा पेटीत येते, दुसऱ्या नळीनं धूर बाहेर जातो, आणि केबिनमध्ये येते ती फक्त उष्णता. ब्रिटनमध्ये तर कालव्या-नद्यांवरच्या राहण्याच्या बोटींत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म २०१९ पासून सक्तीचा आहे. आपला बंब अंगणात राहून जे काम करायचा, तेच त्यांनी दोन नळ्यांनी साधलं.

तर आपण काय करायचं? साधा गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या गॅलरीत लावा आणि गरम पाण्याचा पाइप तेवढा आत घ्या. हाच खरा उपाय आहे, बाकी सगळी ठिगळं. भाड्याच्या घरात गिझर आतच असेल, तर बाहेरून बादली भरून घ्या, गिझर बंद करा, दार थोडा वेळ उघडं ठेवा आणि मगच आंघोळीला जा. "आमच्याकडे एक्झॉस्ट फॅन आहे" असं पालक सांगतात. पण हवा आत यायला खाली जागा नसेल, तर फॅन बाहेर काय टाकणार? गिझरला धुराडं असेल, तर त्यातला धूरही तो उलटा आत ओढू शकतो.

ज्योतीकडे लक्ष ठेवा. निळी असावी. पिवळी दिसली, काजळी धरली, तर बर्नरमध्ये धूळ किंवा कोळ्याचं जाळं आहे किंवा हवा कमी पडते आहे असं समजा. गिझर बंद करून मेकॅनिकला बोलवा. वर्गात हे दाखवायला मेणबत्तीच्या पिवळ्या ज्योतीवर स्टीलचा चमचा धरा, लगेच काळा होतो. (चमचा शिक्षकांनीच धरायचा.) दिवाळीच्या आधी एकदा सर्व्हिसिंग करा, रबरी नळी तपासा. बोअरचं पाणी असेल तर आतल्या नळीत क्षार साचतात, धार बारीक होते. ते साफ करून घ्या.

आणि तरीही कुणी आत पडलंच, तर गॅस बंद करा, दार-खिडक्या उघडा, माणसाला मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा. डॉक्टरांना "गॅस गिझर चालू होता" हे पहिल्या वाक्यात सांगा, नाहीतर फिट किंवा अशक्तपणा वाटू शकतो. करोनापासून घरोघरी असलेल्या ऑक्सिमीटरवर मात्र विसंबू नका. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन त्या यंत्राला ऑक्सिजन असल्यासारखंच दिसतं, आणि माणूस गुदमरत असताना ते खुशाल ९८ दाखवतं.