आधी जॅकखालची जमीन बघा

हिरकणीवाडीत उतरलेला माणूस पहिल्यांदा मान वर करतो. समोर रायगडाचा ताशीव कडा, आणि १९९६ पासून त्या कड्यावर ये-जा करणारा रोपवे. ट्रकवरची क्रेन वाडीत आली की तिथेही लोक असेच वर बघत राहतात. सळईची मोळी, पाण्याची टाकी, विजेचा खांब हवेत उचलला जातो आणि सगळ्यांचे डोळे हुकाकडे लागतात. खरा धोका मात्र बहुतेक वेळा खाली, ट्रकच्या चार पायांपाशी, म्हणजे जॅकपाशी असतो.

महाड-पोलादपूरला क्रेनचं नवल नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला, तेव्हा बुडालेल्या गाड्या शोधायला क्रेनलाच लोहचुंबक लावून नदीत सोडला होता. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड जिल्ह्यात आडवे झालेले विजेचे खांब पुन्हा उभे करायचे होते. अशा कामाला या यंत्रासारखा आधार नाही. म्हणूनच ते नीट कळायला हवं.

क्रेन म्हणजे एका बाजूला झुकणारा तराजू. ज्या बाजूला माल, त्या बाजूचा जॅक हा त्याचा टेकू. वजन किती, यापेक्षा ते टेकूपासून किती लांब आहे यावर सगळं अवलंबून. चार टनांचा माल ३ मीटरवर असेल तर उलटवणारा जोर १२ टन-मीटर. तोच माल ९ मीटरवर नेला की ३६. वजन एका किलोनेही वाढलेलं नाही, जोर मात्र तिप्पट झाला. गाडीवर ‘१२ टनी’ लिहिलेलं असतं ते बूम, म्हणजे क्रेनचा हात, सगळ्यात जवळ असतानाचं. लांबवर नेलं की ती क्षमता एक-दीड टनावरही येऊ शकते. किती अंतरावर किती उचलायचं, याचा तक्ता कंपनी गाडीवरच लावून देते. उन्हापावसाने तो पुसट झाला असेल तर नवा मागवून लावणं हे मालकाचं काम आहे. अंदाजाने उचलणारा ऑपरेटर कितीही जुना असो, तो नशिबावर चालतोय.

आता जमीन. आपल्याकडे सपाट जागा म्हणजे एक तर भातखाचर, नाही तर डोंगर कापून केलेला भराव. दोन्ही वरून टणक दिसतात. मे महिन्यात खाचराला भेगा पडलेल्या असतात, पण खाली मऊ मातीच असते. एका कोपऱ्यावर बूम फिरवली की गाडी आणि माल मिळून जे वजन होतं, त्यातलं तीन-चतुर्थांशापर्यंत एकट्या जॅकवर येऊ शकतं. समजा, एका जॅकवर १० टन आले. त्याची थाळी फूटभर लांब-रुंद धरली तर जमिनीवर चौरस मीटरला शंभर टनांहून जास्त दाब पडतो. मऊ माती दहाएक टनांतच खचायला लागते. त्याच थाळीखाली मीटरभर लांब-रुंद, जाड लाकडी स्लीपरांची घट्ट बैठक दिली, तर दाब दहा टनांवर येतो, म्हणजे एक दशांश. एवढा फरक लाकडाच्या चार ओंडक्यांनी पडतो! त्याऐवजी विटेचा तुकडा किंवा सेंट्रिंगची फळी सरकवली जाते. दाब आला की ती मधोमध तडकते.

पहिला माल वीतभर उचलून थांबायचं आणि जॅककडे बघायचं. थाळीभोवतीची माती फुगली, बारीक चीर गेली किंवा पाणसळीतला बुडबुडा सरकला, तर माल खाली घ्यायचा. गडग्याच्या किंवा भरावाच्या कडेला जॅक लावूच नये. ती कड किती खोल आहे, निदान तेवढं अंतर तरी मागे राहावं. माती ओली असेल तर आणखी मागे. जॅक पूर्ण बाहेर काढायला जागा नाही म्हणून अर्धाच काढायचा, ही सवय फार घातक आहे. अर्ध्या जॅकला पूर्ण जॅकचा तक्ता लागू होत नाही.

दुसरा यमदूत म्हणजे डोक्यावरची विजेची तार. ट्रकवरच्या बऱ्याच क्रेन खाली उभं राहून, गाडीला लागलेल्या दांड्यांनी चालवतात. बूम तारेला लागली तर चालवणारा आणि मालाची दोरी धरलेला हेल्पर, दोघांच्याही अंगातून वीज जमिनीत उतरते. केबिनमध्ये बसलेला माणूस त्या मानाने सुरक्षित. त्याने आतच बसून राहावं. आग लागली तरच दोन्ही पाय जोडून बाहेर उडी मारावी, गाडी आणि जमीन एकाच वेळी शिवू नये. अमेरिकेच्या नियमात ५० हजार व्होल्टपर्यंतच्या तारेपासून किमान १० फूट, म्हणजे सुमारे ३ मीटर लांब राहायला सांगितलं आहे. तेवढी जागा नसेल तर महावितरणला आधी कळवून लाइन बंद करून घ्यावी.

मालाला बांधलेल्या पट्ट्याचंही गणित आहे. एक टनाचा माल दोन उभ्या पट्ट्यांनी उचलला तर प्रत्येकावर ५०० किलो. पट्टे आखूड पडले आणि जमिनीशी ३० अंशांइतके पसरले, तर प्रत्येकावर पूर्ण १ टन. पट्टा जुना निघाला असं आपण म्हणतो, पण पुष्कळदा तो आखूड असतो.

१ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे शहापूरजवळ सरळांब्याला समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर बसवणारं यंत्र कोसळून २० जण गेले. अशी बातमी पहिल्या पानावर येते, चौकशी होते. वाडीतल्या घराच्या बांधकामावर सुरक्षा अधिकारी नसतो. तिथे ऑपरेटर, मुकादम आणि घरमालक एवढेच. उचलणाऱ्या यंत्राची वर्षातून एकदा सक्षम तज्ज्ञाकडून कसून तपासणी व्हावी, हे बांधकाम कामगारांच्या १९९८ च्या केंद्रीय नियमांतच आलं होतं. क्रेन बोलावताना तो कागद मागायला लाजू नका. इशारा करणारा एकच माणूस ठेवा. चौघे चार बाजूंनी ‘घे, घे’ ओरडले की ऑपरेटर कुणाचं ऐकणार? ‘थांब’ मात्र कुणीही म्हणावं आणि ते लगेच ऐकलं जावं. आणि मुलांना अंगणातून घरात घ्या; बूमखाली कुणीच नको.

क्रेनचं भाडं तासावर असतं, म्हणून घाई होते. पण ऑपरेटर ‘इथे गाडी नाही लागणार’ म्हणाला, तर त्याच्याशी हुज्जत घालू नका आणि तो तास कापू नका. भाडं द्या आणि जागा बदला.