चुलीला जागा कुठे द्यावी?

गॅस आला तरी खानापूर-चंदगडकडच्या घरांतली चूल विझलेली नाही. भाकरी नाही तर निदान अंघोळीचे पाणी तरी तिच्यावरच तापते. मराठीत चूल म्हणा की कन्नडात ओले, जागेचा प्रश्न दोन्हीकडे सारखाच.

चूल आणि सिलिंडर एका खोलीत मुळीच नकोत. हा गॅस हवेपेक्षा जड. गळती झाली की तो वर न जाता जमिनीलगत पसरतो, आणि चूल तर जमिनीवरच पेटलेली असते!

न्हाणीघरातही तिला जागा देऊ नये. थंडीच्या दिवसांत दार-खिडकी लावून आत चूल पेटवली की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला ना रंग, ना वास. धुमसत्या निखाऱ्यांतूनही तो निघतो, म्हणून धूर दिसत नाही यावर विसंबू नये. पाणी बाहेर तापवून आत न्यावे.

चांगली जागा म्हणजे परसदारचा उघडा आडोसा, गवताच्या गंजीपासून लांब. आपल्याकडे पावसाळी वारा पश्चिमेचा, तेव्हा घराच्या पूर्व अंगाला चूल असली तर धूर घरात येत नाही. वास्तुशास्त्र माना वा न माना, आग्नेय कोपरा या हिशेबाने बरा बसतो. ओले जळण चुलीवरच्या माळ्यावर वाळवायची सवय मात्र सोडावी. ठिणगीला तेवढे पुरते.

चूल घरातच ठेवणे भाग असेल तर धुराडे हवेच. ते कौलांच्या वर न्यावे, लाकडी वाशाला टेकू देऊ नये आणि दिवाळीआधी घर झाडताना त्यातली काजळीही काढावी.