आग विझवणाऱ्याची तहान

८ ऑगस्ट २०२४ ची रात्र कोल्हापूरकर विसरणार नाहीत. दुसऱ्या दिवशी संगीतसूर्य केशवराव भोसले यांची जयंती होती आणि आदल्या रात्री त्यांच्याच नावाचं नाट्यगृह जळत होतं. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेलं, १९१५ साली ‘पॅलेस थिएटर’ म्हणून सुरू झालेलं आपलं थिएटर. शेजारी खासबाग. बातमी कळली तसे लोक घरातून धावले, कलावंत रस्त्यात उभे राहून रडले. शहराबाहेरूनही बंब मागवावे लागले. आग आटोक्यात यायला तास गेले.

त्यानंतर आपण पुष्कळ बोललो. वास्तूबद्दल, तिच्या विम्याबद्दल, पुन्हा कधी उभी राहणार याबद्दल. बोलायलाच हवं होतं. पण त्या रात्री हातात पाण्याची नळी धरून जे उभे होते, त्यांच्या अंगातून किती पाणी निघून गेलं असेल, हा प्रश्न मी तरी कोणाच्या तोंडून ऐकला नाही. खुद्द माझ्याही मनात तो तेव्हा आला नव्हता. तो आला मागच्या रमजानात, एका जुन्या विद्यार्थ्यामुळे. तो एका नगरपालिकेच्या अग्निशमन दलात फायरमन आहे. त्याने फोनवर विचारलं, “सर, रोजा आहे आणि कॉल आला तर?”

मी मुफ्ती नाही, भाषा शिकवतो. त्यामुळे त्याला आलिमांकडे पाठवलं आणि दरम्यान स्वतः वाचायला बसलो. वाचलं ते दीनी किताबांत कमी आणि शरीरशास्त्रात जास्त. तेच इथे सांगतो, कारण ते रोजेदार फायरमनइतकंच बिनरोजाच्या फायरमनलाही लागू आहे.

आगीत जाणाऱ्या माणसाच्या अंगावर जाड कोट, बूट, हेल्मेट आणि पाठीवर हवेचं सिलिंडर असतं. त्याला जवान ‘बीए सेट’ म्हणतात. सगळं मिळून वीस किलोच्या पुढे जातं. हे ओझं घेऊन जिने चढायचे, भरलेली नळी ओढायची, दार फोडायचं. शरीर अशा वेळी घाम गाळून स्वतःला थंड करू पाहतं. पण घाम वाळला तरच गारवा मिळतो, आणि त्या बंद कोटात घाम वाळायला हवाच नसते. तेव्हा शरीर आणखी घाम गाळतं. तासाला एक लिटर, कधी त्याहून जास्त. सत्तर किलोच्या माणसाचं दीड लिटर पाणी गेलं की वजनाचे दोन टक्के गेले, आणि तिथून ताकद व डोकं दोन्ही मंद व्हायला लागतात. धुरात डोकं मंद होणं म्हणजे काय ते सांगायला नको.

पाणी गेलं की रक्ताचं प्रमाण घटतं, तेवढ्याच कामासाठी हृदयाला जास्त वेळा ठोके द्यावे लागतात. वर रक्त घट्ट होतं. एडिंबरा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये धडधाकट फायरमनांना सरावाच्या आगीत वीसेक मिनिटं काम करायला लावून तपासलं, तर एवढ्यातच त्यांच्या रक्तात गुठळ्या होण्याची प्रवृत्ती वाढलेली दिसली. ही निरोगी, सिगारेट न ओढणारी माणसं होती.

आता एक आकडा. अमेरिकेत १९९४ ते २००४ या काळात कर्तव्यावर मरण पावलेल्या फायरमनांचा अभ्यास झाला. आपल्याला वाटेल की बहुतेक जण भाजून किंवा छत कोसळून गेले असतील. प्रत्यक्षात मृत्यूंचं सगळ्यात मोठं कारण हृदयविकार होतं. प्रत्यक्ष आग विझवण्यात फायरमनचा वर्षातला जेमतेम १ ते ५ टक्के वेळ जातो, पण हृदयविकाराच्या या मृत्यूंपैकी ३२ टक्के त्याच तेवढ्या वेळातले निघाले. म्हणजे ज्वाळेपेक्षा छातीच जास्त दगा देते. काही तर घटनास्थळावरून परतताना, किंवा स्टेशनात पोचल्यावर कोसळतात. बाहेर आल्यावरही शरीराचं आतलं तापमान काही मिनिटं चढतच राहतं, हे फार जणांना ठाऊक नसतं. माणूस बाहेर आला, हसला, ‘ठीक आहे’ म्हणाला, की आपण सुटकेचा श्वास टाकतो.

यावर उपाय काय, तर तो लाजिरवाणा वाटावा इतका साधा आहे. बसवणं, पाजणं, गार करणं, तपासणं. अमेरिकेतल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने यासाठी १५८४ क्रमांकाचं वेगळं मानकच केलं होतं. तीस मिनिटांचं एक सिलिंडर संपलं की दहा मिनिटं थांबायचं आणि पाणी प्यायचं. (तीस मिनिटांचं म्हणतात, पण धापा टाकणाऱ्या माणसाला ते बरंच कमी पुरतं.) दुसरं संपलं की किमान वीस मिनिटं सक्तीची विश्रांती. कोट काढायचा, सावलीत बसायचं, कोपरापर्यंत हात पाण्यात बुडवायचे. हाताच्या पुढच्या भागात रक्तवाहिन्या त्वचेजवळ असतात, त्यामुळे नुसत्या बादलीभर थंड पाण्यानेही शरीर झपाट्याने निवतं. बादली आपल्याकडे नाही असं कोण म्हणेल?

मग नाडी, रक्तदाब, ताप. वीस मिनिटं बसूनही नाडी शंभराच्या खाली येत नसेल तर त्या माणसाला पुन्हा आत सोडायचं नाही, डॉक्टरला दाखवायचं. इथे एक सावधगिरी. करोनाच्या काळात घरोघरी बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आलं. धुरातून आलेल्या माणसाला ते लावून ‘अठ्ठ्याण्णव आहे, काही नाही’ म्हणू नये. धुरातला कार्बन मोनॉक्साईड हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो, आणि साध्या ऑक्सिमीटरला हे दोन्ही सारखेच दिसतात. माणूस गुदमरत असतो आणि यंत्र अठ्ठ्याण्णव दाखवतं. डोकेदुखी, मळमळ, बोलण्यात गोंधळ असेल तर आकडा काहीही असो, प्राणवायू लावून दवाखाना.

पाण्याबद्दल आपल्याकडे एक जुनी समजूत आहे. आई म्हणायची, उन्हातून आल्या आल्या पाणी पिऊ नकोस, बाधतं. घटाघट तांब्याभर पिऊन पोट डचमळतं, उलटी होते, एवढं त्यात खरं. पण म्हणून आगीतून आलेल्याला कोरडं ठेवायचं नाही. घोट घोट, थोड्या थोड्या वेळाने, आणि काम तासाच्या पुढे गेलं असेल तर मीठ-साखरेसकट. ओआरएसची पुडी नसली तर एक लिटर पाण्यात साखरेचे सहा सपाट चमचे आणि मिठाचा अर्धा चमचा. चमचा चहाचा. ताक चालेल, कोकम सरबत चालेल. चहाला माझा विरोध नाही, कोल्हापुरात राहून करणार तरी कसा, पण चहा म्हणजे पाणी नव्हे. आणि ते डब्यातलं ‘एनर्जी’ पेय तर धडधडत्या छातीवर नकोच.

एवढं सोपं असेल तर ते होत का नाही? माझा विद्यार्थी म्हणाला ते मला पटलं. तो म्हणाला, “सर, आपल्या जोडीदाराच्या हातात नळी असताना मी बसतो असं कोण म्हणणार?” अडचण इथे आहे. मी दमलो हे आधी कबूल करण्याची कोणाचीच तयारी नसते, विशेषतः बघ्यांच्या गर्दीसमोर. बाकी उष्णतेने ज्याचं डोकं मंद झालं आहे, त्याला आपण मंद झालोय हे कळत नाही, हा त्यातला सगळ्यात वाईट भाग. म्हणून विश्रांती ही जवानाच्या मर्जीवर सोडायची गोष्टच नाही. ती हुकमाने द्यायची. स्टेशन ऑफिसरने, तांडेलने घड्याळ बघून नाव घेऊन बोलवायचं: तू बाहेर, बस, पी. आणि स्वतःही बसायचं, कारण साहेब पाणी पीत नाही तोवर पोरं पीत नाहीत.

इथे मला दीनी किताबांतली एक घटना आठवली. हिजरी सन ८, रमजानचा महिना. हजरत मुहंमद पैगंबर (स.) मक्केकडे निघाले होते, लोकांना रोजे जड जात होते, पण पैगंबरांनीच रोजा धरलेला, मग आपण कसा सोडावा या संकोचात सगळे. तेव्हा पैगंबरांनी पाण्याचा प्याला मागवला, सर्वांना दिसेल असा उंच धरला आणि प्यायले. तरीही काहींनी रोजा सोडला नाही असं कळल्यावर त्यांना ते आवडलं नाही. त्यांनी त्या लोकांना आज्ञा न पाळणारे म्हटलं. दुसऱ्या एका प्रवासात रोजेदार उन्हाने गळून पडले आणि रोजा नसलेल्यांनी राहुट्या उभारल्या, जनावरांना पाणी पाजलं. त्या दिवसाचं पुण्य रोजा नसलेल्यांनी नेलं, असा पैगंबरांचा निर्वाळा आहे. हे प्रसंग हदीसमध्ये आहेत, आपल्या मोहल्ल्यातले मौलानाही सांगतील.

फिकहच्या ग्रंथांतही बुडणाऱ्याला वाचवायला रोजा सोडावा लागला तर सोडावा, असं उदाहरण येतं. तो रोजा नंतर एका दिवसाला एक दिवस या हिशोबाने पुरा करायचा, त्याला कजा म्हणतात. आग आणि पूर यांत तत्त्वाचा फरक मला दिसत नाही. आलिमांनीही माझ्या विद्यार्थ्याला तेच सांगितलं: ड्युटीच्या दिवशी सहरी करून रोजा ठेव, कॉल आला आणि तहानेने काम अडेल किंवा जीव धोक्यात येईल असं वाटलं तर पाणी पी, मागे वळून बघू नकोस. त्याने तेच स्टेशन ऑफिसरला सांगून ठेवलं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आज रोजा आहे हे साहेबाला माहीत असलं पाहिजे, म्हणजे त्याला आधी बाहेर काढता येतं. लपवलेला रोजा, लपवलेली बीपीची गोळी, लपवलेला अशक्तपणा, आगीच्या तोंडाशी तिन्ही सारखेच. संकष्टी, एकादशी, नवरात्राचे उपवास करणाऱ्या जवानांनाही हाच नियम. साबुदाण्याची खिचडी खाऊन पाणी पिता येतं एवढाच काय तो फरक.

गेली काही वर्षं रमजान आणि फाल्गुन सोबत येताहेत. आपल्या जिल्ह्यात हा आगीचाच हंगाम. ऊस तुटत आलेला असतो, बांधावर पाचट पेटवतात आणि वारा फिरला की शेजारच्या उभ्या उसाला लागते. डोंगरावरचं गवत वाळतं. गुऱ्हाळं, सुताची गोदामं, औद्योगिक वसाहतींतले कारखाने. ग्रामीण भागात तर बंब येईपर्यंत गावातली पोरंच फांद्या घेऊन वणवा झोडपत असतात, भर दुपारी, टोपीशिवाय, पाण्याशिवाय. त्यांना कोणाचंच मानक नाही. तिथे सरपंचांनी किंवा पोलीस पाटलांनी एका शहाण्या माणसाला फक्त मोजायला बसवलं, कोण किती वेळ आत आहे ते, तरी पुष्कळ झालं.

शहरात आपण काय करू शकतो? लोकांची भावना चांगली असते, आग लागली की शेजारची घरं पाण्याच्या बाटल्या घेऊन धावतात. त्या बाटल्या जवानाच्या हातात कोंबायला पुढे घुसू नये, बंबाच्या चालकाकडे द्याव्यात. दोन खुर्च्या, दोन बादल्या, एखादा टेबलफॅन, धूर येणार नाही अशा बाजूचा एखादा ओटा रिकामा करून द्यावा. तालीम मंडळांकडे हे सगळं असतंच, गणपतीत आणि पंजात ते कसं पाच मिनिटांत उभं राहतं ते आपण बघतो. गल्लीत डॉक्टर राहत असतील तर रक्तदाबाचं यंत्र घेऊन त्यांनी तिथे बसावं.

१४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजाचा स्फोट झाला, ६६ अग्निशामक गेले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी १४ ते २० एप्रिल अग्निशमन सप्ताह होतो. शाळांतून प्रात्यक्षिकं होतात, शिडी लावतात, फवारा उडवतात, मुलं टाळ्या वाजवतात. त्याच प्रात्यक्षिकात एकदा जवानाला बाहेर बोलवून, कोट काढून, हात बादलीत बुडवून बसवलेलं दाखवावं असं मला वाटतं. मुलांना ते कंटाळवाणं वाटेल कदाचित. दाखवावं.

मागच्या रमजानात माझ्या विद्यार्थ्याला दोन वेळा रोजा सोडावा लागला. एकदा पाचटाच्या आगीत, एकदा होळीच्या रात्रीनंतरच्या दुपारी एका भंगाराच्या गोदामात. ते दोन रोजे त्याने डिसेंबरात पुरे केले, दिवस लहान असतात म्हणून.