एक रूम, तीन सिस्टिम

फायनल इयरचा प्रोजेक्ट, टीम तिघांची. एकाकडे विंडोज, एकीकडे मॅकबुक आणि एकाने हौसेने उबुंटू टाकलेलं. फुटेज वीस जीबी आणि पेनड्राइव्ह एकच! त्यात तो एनटीएफएस फॉरमॅटचा निघाला, तर मॅक फाइल्स दाखवतो पण त्यावर काही लिहू देत नाही. मग सगळं क्लाउडवर चढवा, पुन्हा उतरवा, नेटपॅक संपवा. तुमचीही हीच रडकथा आहे का? मग घरातल्या राउटरलाच कामाला लावा. राउटरमार्फत फाइल्स फिरल्या की इंटरनेटचा डेटा खर्चच होत नाही.

या तीन सिस्टिम्सना एकमेकींशी बोलायला लावणारी भाषा म्हणजे 'एसएमबी'. विंडोज आणि मॅकमध्ये ती आधीपासून असते. लिनक्ससाठी 'साम्बा' आहे. ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेलने पीएचडी करता करता १९९२च्या सुमारास ते लिहायला घेतलं. एस, एम, बी ही अक्षरं असलेला शब्द त्याने डिक्शनरीत शोधला आणि सापडलं 'साम्बा'!

आता सेटिंग. तिघांनीही शेअर करायची गरज नाही. एका लॅपटॉपवर एकच फोल्डर ठेवा, बाकीचे तिथे येतील.

विंडोज : वायफायचं प्रोफाइल 'प्रायव्हेट' करा, फाइल शेअरिंग ऑन करा. मग फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'शेअरिंग'. बाहेरून लॉगिन करताना पिन चालत नाही, अकाउंटचा पासवर्डच लागतो.

मॅक : सेटिंग्जमधल्या 'शेअरिंग'मध्ये फाइल शेअरिंग ऑन करा. ऑप्शन्समध्ये विंडोज शेअरिंगसाठी आपल्या नावापुढे टिक करायला विसरू नका.

उबुंटू : साम्बा इन्स्टॉल करा आणि त्याचा पासवर्ड वेगळा सेट करा. नेहमीचा लॉगिन पासवर्ड आपोआप लागू होत नाही. बरेच जण इथेच अडकतात.

तरीही लॅपटॉप दिसत नाही? कुणीतरी 'गेस्ट' वायफायवर आहे का बघा. तिथली डिव्हाइसेस बहुधा एकमेकांना दिसू दिली जात नाहीत. नाव दिसत नसेल तर थेट आयपी ॲड्रेस टाका आणि तो रोज बदलू नये म्हणून राउटरमध्ये रिझर्व्ह करून ठेवा. फाइल मोठी असेल तर वायफायपेक्षा केबल बरी. गिगाबिट पोर्ट असेल तर वीस जीबीला कागदावर तीन मिनिटंही लागत नाहीत. शंभर एमबीपीएसच्या पोर्टवर तेच काम अर्ध्या तासाच्या आसपास जातं.

काही जुने व्हिडिओ 'एसएमबी वन' सुरू करायला सांगतात. अजिबात करू नका. मे २०१७मध्ये 'वॉनाक्राय' रॅन्समवेअर जगभर पसरलं, ते याच जुन्या आवृत्तीतल्या त्रुटीतून. अख्खा ड्राइव्ह शेअर करू नका, पासवर्ड काढून टाकू नका. कॉलेजच्या किंवा कॅफेच्या वायफायवर गेलात की प्रोफाइल पुन्हा 'पब्लिक'. नाहीतर तुमचा फोल्डर अनोळखी माणसांनाही दिसू शकतो.

आणि शेअर्ड फोल्डर म्हणजे बॅकअप नव्हे, बरं का! नेटवर्कवरून डिलीट केलेली फाइल सहसा रिसायकल बिनमध्ये जात नाही. गेली ती गेलीच. म्हणून सबमिशनच्या आठवड्यात तरी रोज रात्री एक कॉपी वेगळ्या हार्डडिस्कवर टाका, मग खुशाल झोपा.